हार्ड डिस्कवर बॅड सेक्टर (वाचता न येणारे कप्पे) आलेत, त्यात बाबांचे मारबतीचे चौदा वर्षांचे व्हिडिओ आहेत. काय करू?

माहेर_महाल (धागाकर्ती), शुक्रवार रात्री 9:40

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, जरा घाईची आहे.

आमचे बाबा नागपुरात महाल भागात राहतात. 2006 ते 2019 एकही वर्ष न चुकवता त्यांनी मारबतीची (तान्ह्या पोळ्याला ईडापीडा घालवायला काढतात त्या पुतळ्यांची) मिरवणूक हँडीकॅमवर घेतली आहे. जागनाथ बुधवारीतून पिवळी निघते तिथपासून नेहरू पुतळ्याजवळ काळी-पिवळीची भेट होते तिथपर्यंत, गर्दीत पायी पायी. सुरुवातीच्या वर्षांच्या टेपा होत्या. 2012 मध्ये माझ्या भावाने त्या कॉम्प्युटरवर उतरवून 1 टीबीच्या डिस्कवर ठेवल्या आणि पुढची वर्षंही त्याच डिस्कवर जमा होत गेली. टेपा माळ्यावर होत्या. एका पावसाळ्यात कौलं गळली आणि सगळ्या टेपांना बुरशी लागली. आता जे आहे ते या एका डिस्कवर. दुसरी प्रत नाही.

परवा बाबांनी 2009 चं फोल्डर उघडलं तर कॉम्प्युटर पाच मिनिटं गप्प. वरची हिरवी पट्टी सरकता सरकेना. मी जाऊन क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून पाहिलं. पिवळा रंग आणि 'कॉशन'. 05 समोर 18, सी5 समोर 28, सी6 समोरही 28. चालू तास 23,400. विंडोज सुरू होताना आपणहून म्हणतं की ड्राइव्ह तपासायचा आहे, नको असेल तर कळ दाबा. आतापर्यंत दोनदा कळ दाबून टाळलं.

बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) एका दुकानात विचारलं. तो म्हणाला, "ताई, चेकडिस्क मारून देतो, नाहीच झालं तर फॉरमॅट मारू, डिस्क नवी होऊन जाते."

माझे प्रश्न: चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) मारू द्यावं का? हे नागपूरच्या उन्हामुळे झालं असेल का? आणि सगळं नीट झालं तर डिस्क पुढे वापरता येईल का? पोळ्याला तीन आठवडे आहेत. बाबा रोज सकाळी फोन करून विचारतात, "झालं का गं काही?"

झिरो_माईल, शुक्रवार रात्री 9:52

ताई, आधी कॉम्प्युटर बंद करा. सविस्तर नंतर लिहितो. चेकडिस्क नको, फॉरमॅट नको, त्या दुकानातही नको. डिस्कची तार काढून ठेवा, म्हणजे बाबांनी चुकून कॉम्प्युटर लावला तरी विंडोज तिला हात लावणार नाही.

तर्रीपोहे, शुक्रवार रात्री 10:05

काहून बाप्पा, पोळ्याच्या तोंडावरच का! यंदा आरोळी देऊन टाका: बॅड सेक्टर, पेंडिंग सेक्टर घेऊन जा गे मारबत!

बाकी झिरो भाऊ म्हणते तेच करा. त्याईनं माझ्या साळ्याची डिस्क अशीच वाचवली होती.

कूलरची_खस, शुक्रवार रात्री 10:20

ऊनच आहे हे, दुसरं काही नाही. मे महिन्यात 45 च्या वर पारा, त्यात महालातली जुनी घरं, पंख्याखाली ठेवलेला सीपीयू. माझ्या तीन डिस्क गेल्या, तिन्ही मे-जूनमध्ये. कूलरसमोर सीपीयू ठेवला तर आणखी वाईट. खसमधून ओली हवा सरळ आत जाते आणि दोन वर्षांत बोर्डावर हिरवा गंज चढतो. मी उघडून पाहिलं आहे.

फुटाळा_काठ, शुक्रवार रात्री 10:48

चेकडिस्क मारू नका हे मी हात जोडून सांगते, कारण मी मारलं होतं.

2014 ची गोष्ट. माझा पीएचडीचा सगळा मजकूर, सर्वेक्षणाचे फोटो, मुलाखतींचं ध्वनिमुद्रण, सगळं एका डिस्कवर. असंच एक फोल्डर अडकायला लागलं. ओळखीतल्याने 'चेकडिस्क स्लॅश आर' लिहून एंटर मारायला सांगितलं. रात्रभर चाललं. पहाटे चारला आमच्याकडची लाइट गेली. यूपीएस दहा मिनिटं टिकला. परत लाइट आल्यावर डिस्कवर 'फाउंड डॉट शून्य शून्य शून्य' नावाचं फोल्डर आणि त्यात शेकडो फायली, एकीलाही नाव नाही, फक्त आकडे. चाळीस मुलाखतींपैकी एकोणीस परत ऐकता आल्या. बाकीच्यांसाठी मी मेळघाटात पुन्हा गेले. तोवर दोन आजोबा राहिले नव्हते.

झिरो_माईल, शुक्रवार रात्री 11:30

फुटाळा ताईंचं वाचून आता नीट बसून लिहितो. मी एका कार्यालयात सर्व्हर सांभाळतो. डिस्क मरताना पाहणं हा माझ्या कामाचाच भाग आहे.

पहिली गोष्ट, ते आकडे. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये कच्चे आकडे हेक्समध्ये असतात, म्हणजे सोळाच्या पाढ्यात. 18 म्हणजे 24 आणि 28 म्हणजे 40. तुमच्या डिस्कने 24 सेक्टर कायमचे बाद करून त्यांच्या जागी राखीव सेक्टर लावले आहेत (05), आणि 40 सेक्टर वाचता येत नाहीत म्हणून ताटकळत ठेवले आहेत (सी5). सी6 म्हणजे निवांत वेळी केलेल्या तपासणीतही जे वाचता आले नाहीत ते.

ताटकळत का? डिस्कवर प्रत्येक सेक्टरबरोबर चूक दुरुस्त करणारा जादा मजकूर लिहिलेला असतो. थोडंफार अक्षर पुसलं गेलं तर डिस्क त्यावरून अंदाज बांधून वाचते. जास्त पुसलं गेलं की ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. तुमची हिरवी पट्टी अडकते ती त्या वेळी. तरीही जमलं नाही की 'हा सेक्टर पेंडिंग' अशी नोंद करते. मात्र सेक्टर बदलत नाही, कारण आतला मजकूर अजून कोणाला तरी हवा असेल, पुढच्या खेपेला कदाचित वाचता येईल. त्या जागी नवीन काही लिहिलं की मग ती ठरवते: नीट लिहिलं गेलं तर पेंडिंगमधून नाव काढते, नाही तर राखीव जागेत हलवते आणि 05 चा आकडा वाढतो. दोन्हींत जुना मजकूर गेलाच.

'फॉरमॅट मारून डिस्क नवी होते' असं दुकानदाराला दिसतं ते यामुळे. पूर्ण फॉरमॅटमध्ये सगळीकडे लिहिलं जातं, पेंडिंग शून्यावर येतं आणि डिस्क अडकेनाशी होते. डिस्क नवी झालेली नसते. तुमची मारबत मात्र पुसली गेलेली असते.

चेकडिस्कचं काम फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवरची फायलींची मांडणी, ठीकठाक करणं. मजकूर टिकला की गेला याची त्याला चिंता नाही. न वाचता येणारा तुकडा ते खराब म्हणून चिन्हांकित करतं, फाइलला दुसरी जागा देतं, अनाथ तुकडे त्या फाउंड फोल्डरमध्ये टाकतं, आणि हे सगळं त्याच आजारी डिस्कवर लिहून. सुदृढ डिस्कवर फाइलसिस्टीम बिघडली असेल तर चेकडिस्क उत्तम. एकुलती एक प्रत असलेल्या मरत्या डिस्कवर नाही.

म्हणून आधी उतरवून घ्या. दुरुस्तीचा विचार प्रतीवर करा. कसं उतरवायचं ते उद्या लिहितो.

वर्धा_रोड, शनिवार सकाळी 7:15

मला हे जरा जास्त घाबरवल्यासारखं वाटतं. माझ्या डिस्कवर 05 मध्ये 8 हा आकडा चार वर्षांपासून आहे. पिवळा रंगही चार वर्षांपासून. रोज वापरतो, काही झालेलं नाही. प्रत्येक बॅड सेक्टर म्हणजे तिरडी बांधायची वेळ नव्हे.

सीताफळ, शनिवार सकाळी 8:02

वर्धा रोड, थोडं पटतं. माझाही अनुभव असाच, पण आकडा वेगळा होता. माझ्याकडे सी7 वाढत होता. कॉपी मध्येच तुटायची, डिस्क गायब व्हायची. नवी डिस्क घ्यायला निघालोच होतो, तेवढ्यात याच संस्थळावर कुणीतरी सांगितलं की सी7 म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवरच्या चुका. साटा केबल, म्हणजे ती मधली तार, बदलली. डिस्क अजून ठणठणीत. माहेर_महाल, तुमचा सी7 किती?

माहेर_महाल, शनिवार सकाळी 8:30

सी7 शून्य आहे. काल स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता, त्यात पाहिलं. डिस्कची तार काढली आहे. फुटाळा_काठ ताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही.

झिरो_माईल, शनिवार सकाळी 9:10

सी7 शून्य, म्हणजे केबल नाही. सीताफळ यांचा मुद्दा मात्र महत्त्वाचा. पिवळा रंग दिसला की सगळ्यांची गत एकच, असं नसतं.

वर्धा रोड, तुमचा 8 हा आकडा चार वर्षं जागचा हललेला नाही आणि सी5 शून्य आहे, हो ना? मग तुमची डिस्क एकदा ठेचकाळली आणि सावरली. या ताईंची तशी नाही. 40 सेक्टर आत्ता न वाचता येणारे आहेत, आणि हा आकडा फक्त डिस्कने आजवर ठेच खाल्लेल्या जागांचा. जिथे वर्षानुवर्षं कोणी वाचायला गेलंच नाही तिथलं तिलाही माहीत नाही.

गूगलच्या अभियंत्यांनी 2007 मध्ये त्यांच्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला होता. डिस्कच्या आपोआप होणाऱ्या तपासणीत पहिली चूक सापडली, की पुढच्या 60 दिवसांत ती बंद पडण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या 39 पट निघाली. त्याच अभ्यासात असंही दिसलं की बंद पडलेल्या डिस्कांपैकी 56 टक्क्यांहून जास्त डिस्कांनी चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. म्हणजे पिवळा रंग आला तर घाई करा, आणि निळा (म्हणजे 'ठीक') असला तरी दुसरी प्रत ठेवाच.

खसकाका, उन्हाचं. त्या अभ्यासात उष्णतेचा संबंध लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी आढळला. पण तीन-चार वर्षं झालेल्या डिस्कांमध्ये गरम डिस्का जास्त गेल्या, हेही तिथेच आहे. शिवाय त्यांच्या डिस्का वातानुकूलित खोल्यांत होत्या, महालातल्या माळवदाखाली नाही. बऱ्याच घरगुती डिस्कांची मर्यादा 60 अंश लिहिलेली असते. खोलीत 42 असेल तर बंद पेटीत 55 गाठायला वेळ लागत नाही. मी ऊन हे एकमेव कारण मानत नाही. लाइट जाणं मला जास्त मोठं कारण वाटतं. लिहिता लिहिता वीज गेली तर सेक्टर अर्धवट राहतो आणि नंतर वाचताना बॅड म्हणून दिसतो, जरी आतली तबकडी शाबूत असली तरी.

कूलरची_खस, शनिवार सकाळी 9:45

लाइटचं पटलं. माझ्या तीनपैकी एक वादळातच गेली होती, आत्ता आठवलं. मे महिन्याच्या शेवटी येतं ना तसलं, धुळीचं.

मुठाकाठ, शनिवार सकाळी 10:20

मी पुण्याचा, पण सासर नागपूरचं. एक उपाय ऐकला आहे: डिस्क पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची, सकाळी चालू करून पटकन कॉपी करायची. एका मित्राचं काम झालं होतं म्हणे.

झिरो_माईल, शनिवार सकाळी 10:26

नको! कृपा करून नको!

साध्या डिस्कला हवेसाठी बारीक गाळणीचं भोक असतं, ती हवाबंद नसते. आत्ता भर पावसाळा. फ्रीझरमधून काढलेल्या स्टीलच्या पेल्यावर दोन मिनिटांत पाणी सुटतं, तेच डिस्कच्या तबकड्यांवर सुटेल. वाचणारं डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, आणि माणसाचा केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड. 7200 आरपीएमची तबकडी सेकंदाला 120 फेऱ्या घेते. दवाचा एक थेंब तिथे काय करेल, विचार करा.

तर्रीपोहे, शनिवार सकाळी 10:40

जावईबापू, फ्रीजमध्ये संत्राबर्फी ठिवा, हार्ड डिस्क नोका ठिवू राजेहो.

मुठाकाठ, शनिवार सकाळी 10:44

पटलं. सूचना मागे घेतो. संत्राबर्फीची सूचना स्वीकारतो.

जुना_ऑपरेटर, शनिवार दुपारी 12:30

बॅड सेक्टर हा शब्द वाचून तीस-पस्तीस वर्षं मागे गेलो. सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात मी ऑपरेटर होतो. 40 एमबीची डिस्क, वीट असावी तेवढी. तिच्यावर कारखान्यातूनच एक कागद चिकटवलेला यायचा, त्यावर टाइप केलेली यादी: इतक्या नंबरचा सिलिंडर, इतक्या नंबरचं हेड, इथे खराब. नवीकोरी डिस्क, आणि तिचे दोष तिच्याच पाठीवर छापलेले. बसवताना ती यादी आम्ही हाताने भरायचो. एक आकडा चुकला तर त्या जागी पत्र जाऊन पडायचं. एक जण वाचून दाखवी, दुसरा टाइप करी, तिसरा ताडून पाही. तीन माणसं एका डिस्कला. आता ही यादी डिस्क स्वतःच पोटात ठेवते, म्हणून सगळ्यांना वाटतं की पूर्वी दोष नव्हते.

अजून एक, जरा अवांतर आहे. पहिली हार्ड डिस्क आयबीएमने सप्टेंबर 1956 मध्ये जाहीर केली. 24 इंची 50 तबकड्या आणि मावणार पन्नास लाख अक्षरं. बरोबर महिन्याभराने, 14 ऑक्टोबरला, इथे दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली. माझे वडील त्या गर्दीत होते. त्यांच्याकडे त्या दिवसाचा एकही फोटो नव्हता, जे होतं ते तोंडी. ते गेल्यावर तेही गेलं. म्हणून ताई, तुमच्या बाबांची डिस्क वाचावी असं मला फार मनापासून वाटतं.

माहेर_महाल, शनिवार दुपारी 1:05

काका, तुमचा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांना सांग, या वर्षी मारबतीला घरी या."

झिरो_माईल, शनिवार सायंकाळी 6:15

पद्धत सांगतो. बाजारातून 2 टीबीची नवी डिस्क आणा. जुनी 1 टीबीची आहे म्हणून नवीही तेवढीच घेऊ नका, हाताशी जागा लागते. एका पेनड्राइव्हवर सिस्टीमरेस्क्यू नावाची लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) चढवा आणि कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा, विंडोजवरून नाही. विंडोज डिस्क दिसली की तिच्यात डोकावतं, सूची बनवतं, काहीबाही लिहितं. जुनी डिस्क सरळ साटा केबलने बोर्डाला लावा. यूएसबीच्या डबीतून लावली तर चूक आली की डबीच गप्प बसते किंवा डिस्क गायब होते.

मग 'जीएनयू डीडीरेस्क्यू', हे खराब डिस्कवरून मजकूर उतरवायचं साधन. साधी कॉपी पहिल्या खराब जागी अडून बसते आणि तिथेच डोकं आपटत राहते. डीडीरेस्क्यू तसं करत नाही. अडलं की पुढे उडी मारतं, सोपं ते सगळं आधी गोळा करतं आणि अवघड जागा शेवटी घेतं. मरत्या डिस्ककडे किती तास उरलेत ते माहीत नसतं, म्हणून हा क्रम फार मोलाचा. पहिली फेरी 'मायनस एन' लावून, म्हणजे ते खराब जागा खरवडत बसणार नाही. दुसरी फेरी 'मायनस डी' आणि 'मायनस आर 3' लावून, म्हणजे उरलेल्या जागांवर तीन प्रयत्न. दोन्ही फेऱ्यांना मॅपफाइल तीच द्या. कुठला तुकडा मिळाला, कुठला राहिला, याची ती वही असते. लाइट गेली तरी पुन्हा तिथूनच सुरू होतं.

सगळी डिस्क एका मोठ्या इमेज फाइलमध्ये (डिस्कची जशीच्या तशी नक्कल) उतरवा. नवी डिस्क फॅट32 या जुन्या मांडणीत असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आधी ते बघा.

आणि सगळ्यात मोठा धोका: कोणती डिस्क कुठून कुठे. एंटर मारण्याआधी डिस्कवरच्या चिठ्ठीवरचा सीरियल नंबर आणि पडद्यावरचा सीरियल नंबर मोठ्याने वाचून ताडून पाहा. जुन्या ऑपरेटर काकांसारखं, दोन माणसांनी. उलट झालं तर कोरी डिस्क बाबांच्या डिस्कवर उतरेल.

मध्ये टकटक किंवा खरखर ऐकू आली तर त्या क्षणी बंद करा. मग घरचा उपाय नाही, स्वच्छ (धूळमुक्त, डिस्क उघडता येईल अशी) खोली असलेल्या ठिकाणीच न्यायचं.

रात्रपाळी, शनिवार रात्री 11:50

मी लग्नाचे व्हिडिओ जोडतो, मारबतही बरीच वर्षं शूट केली आहे. ताई, एक दिलासा देतो. 2012 मध्ये टेपेवरून उतरवलेल्या फायली एव्हीआय असतील आणि तासाला साधारण 13 जीबी असतील, तर त्या डीव्ही, म्हणजे हँडीकॅमच्या टेपेवरच्याच स्वरूपात, आहेत. तसं असेल तर तुमचं नशीब चांगलं.

डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेम आपली आपण उभी असते. आपल्याकडच्या पद्धतीत एक फ्रेम 1,44,000 बाइटची आणि सेकंदाला 25 फ्रेम. तुमचे 40 सेक्टर प्रत्येकी 4096 बाइटचे धरले तरी होतात दीडशे-पावणेदोनशे केबी, म्हणजे एक-दोन फ्रेम! पडद्यावर क्षणभर चौकोन चौकोन दिसतील आणि मिरवणूक पुढे निघून जाईल. काही डिस्का तर पेंडिंग 512 बाइटच्या हिशेबाने मोजतात. तसं असेल तर नुकसान त्याच्याही आठवा हिस्सा.

भीती मला नंतरच्या वर्षांची आहे. त्या फायली एमपी4 असतील तर फ्रेमी एकमेकींच्या आधाराने साठवलेल्या असतात. एक मुख्य फ्रेम गेली की पुढची मुख्य फ्रेम येईपर्यंत सगळं विस्कटतं. आणि फाइलची अनुक्रमणिका जिथे असते नेमका तिथलाच सेक्टर गेला, तर पूर्ण फाइल उघडत नाही. उतरवून झालं की आधी एमपी4 तपासा.

वर्धा_रोड, रविवार सकाळी 7:30

रात्रपाळी, फार छान समजावलंत. काल मीही माझे आकडे पुन्हा पाहिले. 05 मध्ये 8 नाही, 16 झालेत. कधी झाले ते कळलंच नाही. आज नवी डिस्क आणायला बर्डीवर चाललो आहे. झिरो_माईल, काल जरा तावातावाने लिहिलं होतं.

झिरो_माईल, रविवार सकाळी 7:41

वर्धा रोड, तुम्ही विचारलंत म्हणून तर फरक नीट लिहिता आला. बर्डीवर जाताय तर साटा केबलही घेऊन या.

माहेर_महाल, मंगळवार रात्री 10:15

मंडळी, सांगते सगळं.

रविवारी भाऊ आणि मी महालात बसलो. सीरियल नंबर मी मोठ्याने वाचला, भावाने पडद्यावर ताडला, बाबांनी चष्मा लावून तिसऱ्यांदा. डिस्कवर टेबलफॅन लावून ठेवला. दुपारी दोनला पहिली फेरी सुरू. आकडा आधी भराभर चढला आणि मग रेंगाळला. साडेचारला धो धो पाऊस आला, लाइट गेली. त्या वेळी 61 टक्के झालं होतं. आईने देवासमोर दिवा लावला. तासाभराने लाइट आली, मॅपफाइल दिली आणि खरंच 61 वरूनच पुढे सुरू झालं. रात्री नऊपर्यंत 99.98 टक्के.

दुसरी फेरी रात्रभर. डिस्क मधूनच थांबायची, मग हलकेच कुरकुरायची. टकटक नव्हती. बाबा दोनदा उठून पाहून गेले. सकाळी न वाचता आलेला मजकूर 1 एमबीपेक्षा जरासा जास्त. एवढ्या मोठ्या डिस्कवर एवढंच गेलं.

मग झिरो_माईल यांनी व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) सांगितलं तसं, इमेजच्या आणखी एका प्रतीत न वाचता आलेल्या जागांमध्ये डीडीरेस्क्यूनेच एक ठरावीक शब्द भरला आणि तो शब्द कोणत्या फायलींत सापडतो ते शोधलं. दोनच फायली निघाल्या, 2009 ची आणि 2010 ची. बाकीचं नुकसान फायली नसलेल्या जागेत होतं. दोन्ही फायली डीव्ही. एमपी4 सगळ्या शाबूत.

2009 ची लावली. पिवळी मारबत वळणावर येते, बाबांचा हात हलतो, आणि तिच्या चेहऱ्यावर क्षणभर हिरवे-करडे चौकोन. पुढच्याच क्षणी ती पुन्हा अख्खी, गुलाल उधळलेला, कोणीतरी "ईडा पीडा" म्हणून ओरडतंय. बाबा म्हणाले, "थांब, मागे घे." मला वाटलं चौकोन बघायचे असतील. त्यांना कोपऱ्यातला माणूस बघायचा होता. तो त्यांचा मित्र होता, 2015 मध्ये गेला.

फुटाळा_काठ, मंगळवार रात्री 10:22

वाचताना डोळे भरले. किती बरं वाटलं सांगू.

रात्रपाळी, मंगळवार रात्री 11:05

वा! त्या एक-दोन फ्रेमी मी आजूबाजूच्या फ्रेमींवरून भरून देऊ शकतो. पण मूळ फाइल तशीच ठेवा, दुरुस्त केलेली वेगळी. माझ्याकडे 2009 च्या दोन टेपा आहेत, दुसऱ्या बाजूने शूट केलेल्या. हव्या असतील तर उतरवून देतो.

जुना_ऑपरेटर, बुधवार सकाळी 6:50

किती प्रती झाल्या आता? एकच असेल तर आपण होतो तिथेच आहोत.

माहेर_महाल, बुधवार सकाळी 9:00

काका, तीन. एक महालात, एक माझ्याकडे मनीषनगरला, आणि एक भाऊ पुण्याला घेऊन गेला. रात्रपाळी, टेपा हव्यात, नक्की हव्यात!

आणि माझा सुरुवातीचा प्रश्न राहिलाच होता. जुनी डिस्क वापरता येईल का?

झिरो_माईल, बुधवार सकाळी 9:35

करून पाहा, आता काही गमवायचं नाही. पूर्ण डिस्कवर शून्य लिहा आणि आकडे बघा. लोक याला लो लेव्हल फॉरमॅट म्हणतात, पण तो आताच्या डिस्कवर घरी होत नाही. हे फक्त शून्य लिहिणं. त्यानंतर आठवडाभर अधूनमधून पूर्ण वाचून काढा. सी5 शून्यावरच राहिला आणि 05 वाढला नाही तर गाणी-सिनेमे ठेवायला चालेल. हलला तर रजा द्या.

माहेर_महाल, पुढच्या गुरुवारी रात्री 8:20

शून्य लिहिल्यावर सी5 शून्य झाला, 05 मात्र 24 वरून 112. दोन दिवस सी5 समोर शून्य पाहून मलाही वाटायला लागलं होतं की झाली बरी. काल सी5 पुन्हा 8, आज 16.

गल्लीतली पोरं यंदा लहानसा बडग्या (मारबतीबरोबर निघणारा पुतळा) करतायत. त्यांनी डिस्क मागितली, गळ्यात बांधायला. बाबांनी दिली.

झिरो_माईल, गुरुवार रात्री 8:31

बांधा, पण बडग्या पेटवायच्या आधी काढून घ्या. सर्किटाचा पत्रा जाळला तर त्याचा धूर पोरांच्या नाकात जाईल. नंतर ई-कचऱ्यात द्या.

माहेर_महाल, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी 3:40

काढली. पोरांनी आधीच झाकणाचे स्क्रू उघडले होते. तबकडी आरशासारखी लख्ख, तीच बडग्याच्या कपाळावर लावली होती. उन्हात अशी चमकत होती की बाबांनी कॅमेरा उचलला आणि मिरवणुकीआधी पाच मिनिटं नुसता तोच बडग्या घेत राहिले. जुने ऑपरेटर काका सकाळपासून आमच्याकडेच आहेत, आत्ता बाबांच्या शेजारी खुर्ची टाकून 2006 ची मारबत पाहतायत.

तर्रीपोहे, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी 3:52

काकाले चहा द्या आन् यंदाच्या फायलीच्या तीन प्रती आजच काढा वो ताई.

माहेर_महाल, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सायंकाळी 7:10

दोन झाल्या. तिसरी चालू आहे, 38 टक्के.